एकादशी आणि दुप्पट खाशी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की माझ्या क्लिनिकमधला वजनकाटा मी दारासमोरून उचलून पडद्यामागे ठेवलाय, लागेल तेव्हाच काढते, कारण आल्याआल्या काट्यावर चढवलं की माणूस लाजतो आणि मोकळं बोलत नाही; आकड्यापेक्षा आधी शरीराचं ऐकूया. त्यावर एवढे मेल आले की संपादकांनी या वेळी जागा वाढवून दिलीये. कुणी कौतुक केलंय, कुणी चांगलंच झापलंय, आणि बऱ्याच जणींनी आपापली सगळी कहाणीच लिहून पाठवलीये. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा निवडलीयेत. नावं काढलीयेत.

प्रश्न: ताई, मी ३६ वर्षांची, नाशिकला बँकेत आहे. गेल्या आठ वर्षांत जीएम, कीटो, इंटरमिटंट, सूप डाएट सगळं करून झालं. मिळून ११ किलो उतरले असतील आणि १४ चढले. दिवसभर मी अगदी शहाण्यासारखी वागते, सकाळी ग्रीन टी, दुपारी काकडी-गाजर आणि एक फुलका, ऑफिसात कुणाचा बर्थडे असला तरी केकला हात लावत नाही. पण रात्री साडेदहाला सगळे झोपले की किचनमध्ये लाइट न लावता उभ्याउभ्या चिवड्याचा डबा संपवते, परवा तर सासूबाईंनी मुलांसाठी केलेले बेसनाचे सहा लाडू खाल्ले. मग रडत बसते. विलपॉवर कशी वाढवू?

उत्तर: विलपॉवर वाढवायची काही गरज नाही, आहे तीच दांडगी आहे. काकडी आणि एका फुलक्यावर बँकेतलं मार्च एंडिंग काढणाऱ्या बाईकडे नाही म्हणायची तर मग ती आहे कुणाकडे. तुमचा प्रॉब्लेम रात्री साडेदहाला सुरू होत नाही हो, तो सकाळी साडेसातला होतो, त्या ग्रीन टीच्या कपापासून.

एक जुनी गोष्ट सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लोक उपाशी होते, त्यांना परत खायला घालून सावरायचं कसं हे कळावं म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या संशोधकाने ३६ तरुण निवडले. धडधाकट, आणि मनाने तर खंबीरच, कारण युद्धात बंदूक हातात घेणार नाही असं सरकारला तोंडावर सांगितलेली ही मुलं. १९४५ साली त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, म्हणजे रोज साधारण १५७० कॅलरी. (आपल्याकडे सर्रास १२०० चे चार्ट वाटतात. मीही वाटलेत, पहिली आठ-नऊ वर्षं, लॅमिनेट करून.) वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं, ते होणारच होतं, पण डोक्याचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. ज्यांना स्वयंपाकघरात कधी रस नव्हता ते रेसिपीची पुस्तकं वाचत बसायला लागले, ताटं चाटायला लागले, चिडचिड, उदासी, गप्पा मारायच्या तर फक्त खाण्याच्याच. आणि नंतर पोटभर मिळायला लागलं तेव्हा कितीतरी जण महिनोन्‌महिने खातच राहिले, पोट टम्म व्हायचं तरी भूक भागल्यासारखं वाटायचं नाही.

आता तुम्ही अंधारात खाल्लेले सहा लाडू परत आठवून बघा. शरीराला थोडंच माहितीये की भाचीचं लग्न आहे म्हणून हे चाललंय, त्याला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि दुष्काळात डबा हाताला लागला तर शहाणं शरीर तो संपवणारच. आपल्याकडे हे म्हणीतच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. आपण ती साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याच्या किसावर हसायला वापरतो, पण ज्या कुणा बाईने ती पहिल्यांदा म्हटली असेल तिने उपास सुटतानाचं घर नीट पाहिलेलं असणार.

तर पंधरा दिवस काहीही कमी करायचं नाही, वाढवायचं. सकाळी घरात जे होतं ते, पोहे, उपमा, थालीपीठ, बशीभर बसून खायचं. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या, भाजी, आणि उसळ किंवा वरण असलंच पाहिजे, काकडी त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. पाच-साडेपाचला दाणे-गूळ, फळ, एखादं अंडं, काहीतरी, कारण घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतील तर कुकर लावता लावताच सगळा घोळ होतो. आणि चिवडा सोडायचा नाही. रात्री खावासा वाटला तर लाइट लावा, वाटीत काढा, खुर्चीवर बसा, मोबाइल लांब ठेवा आणि खा. पहिल्या दोन-तीन घासांकडे नीट लक्ष द्या, कुरकुरीत आहे की सादळलाय, मीठ बरोबर आहे का. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई दहा वर्षं चोरून वेफर्स खात होत्या, त्यांना समोर बसवून सावकाश खायला सांगितलं तर म्हणाल्या, अहो हे तर नुसतं तेलकट लागतंय. दुसऱ्या एकींना मात्र शेव खरंच आवडते असं कळलं, त्या अजून खातात, वाटीभर, सगळ्यांच्या देखत.

सुरुवातीला गडबड होणार हे आधीच सांगून ठेवते. बंदी उठली की मन एकदा खात्री करून घेतं, खरंच उठली का, की परत सोमवारपासून आहेच. पहिला आठवडा चिवडा कदाचित जास्तच जाईल. तेव्हा घाबरून परत ग्रीन टीवर जायचं नाही. आणि हे आठवड्याला एकदा तरी, महिनोन्‌महिने होत असेल, थांबवताच येत नसेल, किंवा नंतर उलटी काढण्यापर्यंत गेलं असेल तर त्याला खादाडपणा म्हणत नाहीत, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: तुमचा लेख वाचून आश्चर्य वाटले. देशात मधुमेहाची लाट असताना तुम्ही लठ्ठपणाला मान्यता देत आहात. मी ६४ वर्षांचा आहे, माझा बीएमआय २२ आहे, तो मी शिस्तीने राखला आहे. काटा लपवून काय साध्य होणार? (ठाणे)

उत्तर: काका, शिस्तीबद्दल आदरच आहे. पण त्या २२ बद्दल बोलूया का थोडं.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. त्याचं सूत्र काढलं १८३० च्या दशकात, बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी. ते खगोलशास्त्र आणि आकडेवारीतले माणूस, त्यांना लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं, कुणा एकाची तब्येत तपासायची नव्हती. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये मिळालं, आणि देणारे कोण, तर वर आलेले तेच अँसेल कीज. माणूस सगळीकडे आहे.

आता आपल्या पुण्याची गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला, दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी तुमच्याएवढाच. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखे, आत दुप्पट फरक. आपल्याकडे बारीक दिसणारी कितीतरी माणसं अशी असतात, हातपाय काटकुळे, पोट जरा पुढे, आणि शुगर, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी वर. शिवाय आपल्या लोकांसाठी बीएमआयची रेषाच खाली धरतात, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, ते यासाठीच.

म्हणजे वजनाचा आजाराशी काही संबंध नाही असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. गुडघे, झोपेत श्वास अडकणं, शुगर, संबंध आहे. माझं म्हणणं एवढंच की माणूस दारातून आत येताच त्याला काट्यावर चढवला की पुढची वीस मिनिटं तो लाजेत घालवतो, रात्री काय खातो ते सांगत नाही, आणि बारीक माणसाला आपण विचारतच नाही. तुमची शेवटची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, कधी केली होती? पत्रात ती नाहीये, कमरेचं मापही नाही. करून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी ५२, छत्रपती संभाजीनगर. पाच वर्षं डायबेटिस आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. शरीराचं ऐका म्हणता, माझं शरीर तर रोज जिलबी म्हणतं. आमच्यासारख्यांनी काय ऐकायचं?

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला, कारण ‘शरीराचं ऐका’ हे वाक्य आजकाल चहाच्या कपावर पण छापून मिळतं आणि त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. शरीराचं ऐकायचं म्हणजे जिभेचंच ऐकायचं असं नाही. जेवल्यावर दोन तासांनी ग्लानी येते का, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं, ग्लुकोमीटर काय दाखवतो, हे पण शरीरच बोलतंय की.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण टाळायचं नाही. कुणी सांगितलं म्हणून एकदम दोनदाच जेवायचं, निर्जळी उपास, असलं काही डॉक्टरांना न विचारता केलंत तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. थरथर, घाम, गरगरणं असं झालं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, तेव्हा पथ्य बघायचं नाही.

बाकी जेवण ओळखीचंच ठेवा. भाकरी, पालेभाजी, वरण, ताक यात वाईट काही नाही, फक्त क्रम बदलून बघा, आधी कोशिंबीर-भाजी-उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. जेवून उठल्यावर आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चाला, गॅलरीत येरझाऱ्या घातल्या तरी चालेल, पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जिलबी कायमची बंद म्हटलं की ती रोज स्वप्नात येणार, त्यापेक्षा लग्नकार्यात जेवणानंतर एक, सावकाश, आवडीने, आणि त्या पंगतीत भाताला हात लावायचा नाही.

आणि वजनाबद्दल खरं तेच सांगते, मी डाएटच्या नावाने कितीही बोटं मोडत असले तरी. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला, सहा वर्षांच्या आतला टाइप टू डायबेटिस असलेल्यांना देखरेखीखाली वजन उतरवायचा कार्यक्रम दिला, तर वर्षभराने त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली आली. तुमची पाचच वर्षं झालीयेत, तेव्हा हा विषय डॉक्टरांकडे काढण्यासारखा आहे. त्यांनी वजन उतरवा म्हटलं तर तो अपमान समजू नका, उपचार समजा, गोळ्या कमी-जास्त करत नीट देखरेखीत करा. फक्त नाही उतरलं म्हणून चालणं आणि तपासण्या सोडायच्या नाहीत. क्लिनिकमध्ये मी हेच जास्त बघते, काटा हलला नाही की माणूस सगळंच सोडून देतो.

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे, कोल्हापूर. वर्षभरात एकदम अंगाने भरली. सासूबाई येता-जाता म्हणतात, एवढी सुटलीस तर कोण करून घेईल, आणि त्याच तिला आग्रह करकरून तूप वाढतात. आता ती डबा तसाच परत आणते, म्हणते भूक नाही. मी स्वतः कायम डाएटवर असते त्यामुळे मलाही कळत नाही काय बोलावं.

उत्तर: पाळी सुरू होण्याच्या आसपास मुलींच्या अंगावर चरबी येते, यायलाच हवी, शरीर त्यासाठीच तयार होत असतं. काही मुली आधी आडव्या वाढतात आणि मग उंच होतात. नेमक्या याच वयात घरातून एखादं वाक्य पडतं आणि ते चाळिशीत माझ्या खुर्चीत बसून शब्दन् शब्द ऐकवलं जातं, कुठल्या काकूने, कुठल्या लग्नात, कुठल्या रंगाचा ड्रेस होता तेव्हा. मी गंमत नाही करत, ड्रेसचा रंग सांगतात.

आजींशी तुम्ही भांडू नका, त्यांच्या मुलाला बोलू दे. त्याने आईला एवढंच सांगायचं, तिच्या अंगावरून बोलायचं नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही, काळजी वाटली तर मला सांग. त्या ऐकणार नाहीत लगेच. त्यांच्या काळात बाळसेदार असणं म्हणजे खात्यापित्या घरची आणि लग्नाच्या वयाला येताच तेच वाईट, त्या बिचाऱ्या दोन्हीत अडकल्यात, म्हणून एका हाताने तूप आणि दुसऱ्या हाताने टोमणा. त्यांना कामाला लावा, मुलीला भाकरी थापायला शिकवू देत. पिठात हात असताना माणूस जरा बरं बोलतो.

आणि तुम्ही. मुलगी तुमचं ऐकत नसेल पण बघते सगळं. तुम्ही ताटात नुसती कोशिंबीर घेऊन तिला पोळी खा म्हणणार, तर ती काय शिकणार. रात्रीचं जेवण तरी एकत्र, तेच सगळ्यांना, टीव्ही बंद, आणि जेवताना वजन-कॅलरी-मार्क यातलं काही नाही. किती खाल्लं ते मोजू नका, मुलीला पोट भरल्याचं कळतं, आपणच पानात टाकायचं नाही म्हणून ते बिघडवतो. तिला आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे’ म्हणायला लावू नका, मुली त्यावर डोळे फिरवतात आणि बरोबरच आहे. लेझीम, कबड्डी, पोहणं, जे आवडेल ते करू दे, बारीक व्हायला म्हणून नाही.

मात्र डबा परत येणं महिनाभर चाललंय, वजन झपाट्याने उतरतंय, पाळी बंद झाली, चक्कर येते, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्या घरात असं नसतं हे डोक्यातून काढा.

प्रश्न: रोज दहा हजार पावलं झाली नाहीत तर अपराधी वाटतं. रात्री अकराला हॉलमध्ये चकरा मारून पूर्ण करते. योग्य आहे का? (पनवेल)

उत्तर: झोपा. दहा हजारचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मीटर’ होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही. २०२० पासून तर सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही अटही काढली, म्हणजे जिना चढलात, भाजी घेऊन चालत आलात, सगळं धरायचं. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या, ढोल कमरेला बांधून चार तास वाजवणाऱ्या मुली मला सांगतात, मी व्यायाम काहीच करत नाही. घाम आला, दम लागला, मजा आली, पण घड्याळात नोंद नाही म्हणून झालाच नाही! ते घड्याळ रविवारी तरी ड्रॉवरमध्ये ठेवून बघा.

प्रश्न: मी डब्लिनमध्ये असते, ३१ वर्षांची. बाळंतपणानंतर दीड वर्ष झालं, पोट गेलं नाही. मंडळाची दिवाळी तीन आठवड्यांवर आलीये, आईने तिची पैठणी पाठवलीये, माझं लग्नातलं ब्लाऊज दंडात अडकतंय. मैत्रिणी म्हणतात लव्ह युअर बॉडी. मला नाही येत ते प्रेम, खोटं का बोलू. तीन आठवड्यांत काही होईल का?

उत्तर: नको बोलूस खोटं. रोज सकाळी उठून पोटावर प्रेम करायचं हे एक नवीनच होमवर्क निघालंय, जणू नोकरी, बाळ आणि तिथला पाऊस कमी होता. प्रेम नाही आलं तरी चालेल. नणंदेशी कुठे रोज प्रेमाने वागतो आपण, पण जेवायला वाढतो, आजारी पडली तर औषध देतो, तिच्या तोंडावर वाईट बोलत नाही. पोटाशी एवढं जमलं तरी सध्या पुष्कळ झालं.

तीन आठवड्यांत काही करू नकोस. अंगावर पाजत असशील तर मुळीच नको, भूक जास्त लागतेच त्यात, आणि ती खरी असते. पोटाचे स्नायू बाळंतपणात मधून फाकतात, कुणाकुणाचे नंतरही पूर्ण जुळत नाहीत, ते उपाशी राहून जुळत नसतात. तिकडच्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखव, नुसत्या क्रंचेस मारत सुटू नकोस.

आणि ब्लाऊजचं म्हणशील तर ते उलटं करून बघ. लग्नातलं आहे ना, मग शिंप्याने बाजूच्या शिवणीत आणि बाहीत माया ठेवलेली असणार, चांगले शिंपी दोन्हीकडे इंच-इंच तरी ठेवतात. ती उसवून घे, जुन्या शिवणीची रेघ दिसते थोडी, पदराखाली झाकली जाते. नाहीच पुरलं तर काखेत मॅचिंग कापडाची पट्टी जोडतात, तिथे सुई-दोरा चालवणारी एखादी काकू मंडळात नक्की असेल. तेही नको असेल तर काळं स्ट्रेचचं ब्लाऊज मागव, पैठणीवर काळं छानच दिसतं. आणि फराळाच्या टेबलापाशी उभी राहशील तेव्हा आधी चकली घे, बाळाला कडेवरून कुणाकडे तरी दे म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील.